आत्याबाईंनी पास केलेल्या विटा

"मेल्या विटा आहेत की बिस्किटं! हात लावायचा अवकाश, बसल्या तोंड वासून."

ही कुरकुर मालकांनी टेबलाखालून ऐकली. ते तिथे दोन हात आणि दोन गुडघ्यांवर होते. वय सेहेचाळीस, पोट वयाच्या जरा पुढे गेलेलं, आणि नाकापासून चार बोटांवर आत्याच्या चपला. तपकिरी विटेचा एक तुकडा उडून खाली आला होता. फुटलेल्या विटेचे सगळे तुकडे जुळल्याशिवाय ती बाद म्हणून लिहायची नाही, हा नियम मालकांनीच केला होता. नियम करताना तुकडे शोधणार कोण, एवढाच विचार राहून गेला होता.

"सापडला का रे, ढब्बू?" वरून आवाज आला.

"शोधतोय, आत्या."

"मग तिथेच थांब. मी दुसरी दाबतेय."

कट्! दुसरा तुकडा मालकांच्या मानेवरून घरंगळत शर्टाच्या आत गेला.

"आणि आता खाली आहेसच, तर तिसरीही बघून घेते," आत्या म्हणाली.

कारखाना लहानसा होता. एक लांबट पत्र्याची शेड, दोन खिडक्या, एक मशीन. त्यातून खेळण्यातल्या विटा निघायच्या. त्याच त्या, डोक्यावर गुंड्या आणि पोटात पोकळी असलेल्या. एकीवर एक बसवून मुलं त्यांची घरं करतात, विमानं करतात, आणि आईवडिलांना उलटसुलट धरूनही कळत नाहीत अशा आणखी बऱ्याच गोष्टी करतात. माणसं चार. मशीनवर उस्ताद, पॅकिंग आणि फोन मालकांच्या बायकोकडे, तपासणीच्या टेबलावर आत्या, आणि जिथे कुणी नसेल तिथे मालक.

मालकांची आई ते लहान असताना गेली, तेव्हापासून आत्यानंच त्यांना वाढवलं. ढब्बू हे नाव तेव्हाचं. नोकरीत ती कोर्टात टायपिस्ट होती. एकतीस वर्षं एकाच मशीनवर तिनं काढली. लोखंडी, काळं, बैलासारखं धूड. कळ दाबायची म्हणजे खांद्यापासून जोर काढावा लागायचा. एका वेळी पाच कार्बन लावायची पद्धत होती आणि आत्याचं अक्षर सहाव्या कागदावरही ठसठशीत उमटायचं. सातवी प्रत टेबलावर निघते, असं तिथले वकील म्हणायचे.

निवृत्त झाल्यावर ती घरी गप्प गप्प असते, असं मालकांना वाटायला लागलं. ज्या बाईनं आपल्याला शिकवलं, मोठं केलं, ती रिकाम्या हातानं बसून खचून जाईल, या काळजीनं त्यांना अन्न गोड लागेना. म्हणून त्यांनी तिला कारखान्यात आणलं, खुर्ची दिली, टेबल दिलं आणि सांगितलं, "आत्या, तुझ्याशिवाय हे काम कुणाला जमणार नाही." आत्यानं पदर खोचावा तशा बाह्या सारल्या आणि कामाला लागली. याला आता दोन वर्षं झाली होती.

काम सोपं होतं. टेबलाला स्क्रूनं एक गुंड्यांची पाटी बसवलेली. तिच्यावर वीट दाबायची, ओढून काढायची. ठक्, टक्. पन्नासांत एक वीट, तीही एकदाच. सगळं छान चाललं होतं, म्हणजे एका गृहस्थांचा फोन येईपर्यंत.

"तुमच्या विटांचा माझ्या मुलीनं तबेला बांधला," गृहस्थ म्हणाले. "त्याच्या भिंतीला तडा गेला. आता ती म्हणते, तिचा घोडा धोक्याच्या इमारतीत राहणार नाही. तीन रात्री झाल्या, तो घोडा माझ्या उशीवर झोपतोय."

मालकांनी माफी मागितली, नवा डबा पाठवला, आणि जाता जाता आत्याला म्हणाले, "आत्या, जरा नीट बघ हं."

पुढचं सगळं रामायण या 'जरा नीट'नं घडवलं. एकतीस वर्षांत आत्याला 'जरा नीट कर' असं कुणी म्हटलं नव्हतं, अगदी न्यायाधीशांनीसुद्धा. तिला ते लागलं. दुसऱ्या दिवसापासून ती पन्नासांत एक सोडून प्रत्येक वीट तपासायला लागली, आणि एकदा सोडून तीनदा. ठक्-टक्, ठक्-टक्, ठक्-कट्! फुटलेल्या विटा टोपलीत जायला लागल्या. ज्या फुटल्या नाहीत त्या आतून खचून, कशाबशा जीव मुठीत धरून डब्यात जायच्या आणि कुणाच्या तरी मुलाच्या हातात राम म्हणायच्या. तक्रारी वाढल्या. तक्रारी वाढल्या म्हणून आत्या आणखी नीट तपासू लागली. नीट तपासू लागली म्हणून जास्त फुटू लागल्या.

टोपली बघून उस्तादाला घाम फुटला. मशीनला तो पोटच्या मुलीसारखं वागवायचा.

"मालक, माझी पोर अशी नाही," तो मशीनच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला. "तिला काहीतरी होतंय. मी दाब वाढवून बघतो. साच्यात प्लास्टिक जरा ठासून भरलं की वीट भरीव येईल."

वीट भरीव आली. भरीव झाल्यामुळे पाटीवर इतकी घट्ट बसायला लागली की निघता निघेना. मग आत्या तिला ओढून काढण्यासाठी एक पाय टेबलाच्या पायाला लावू लागली. एके दिवशी एक वीट निघताना थेट खिडकीबाहेर गेली आणि शेजारच्या टायरवाल्यानं ती आणून दिली. "तुमचं काही उडालंय का?" एवढंच त्यानं विचारलं.

मग दोष रंगावर गेला. तपकिरी रंगाचे प्लास्टिकचे दाणेच वाईट, असं ठरलं. तपकिरी बंद करून पिवळा सुरू केला. पिवळ्या फुटल्या. लाल केल्या. लाल फुटल्या. मग हवेवर संशय आला. खिडक्या बंद केल्या, दाणे वाळवायला हीटर लावला, आणि शेडमध्ये इतकं उकडायला लागलं की आत्या म्हणाली, "बरं झालं, हात मोकळे झाले माझे. गारठ्यात बोटांना जोरच येत नव्हता."

आणि मग आत्याची दाढ दुखायला लागली.

दाढ काढायची म्हणून ती एक दिवस आली नाही. तपासणीच्या टेबलावर मालकांची बायको बसली. संध्याकाळी तिनं हिशेबाच्या वहीतून मान वर काढलेल्या नवऱ्यासमोर रिकामी टोपली ठेवली.

"अहो, चारशे विटा तपासल्या आज."

"किती गेल्या?"

"एकही नाही."

"नीट दाबल्यास ना?"

"मुलं दाबतील त्याच्या दुप्पट."

मालकांच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला. मग विचार आला. विचार आल्याबरोबर आनंद मागच्या दारानं निघून गेला. इतक्यात उस्ताद हात पुसत आला.

"म्हणजे माझ्या पोरीचा दोष नाही ना, मालक?"

"नाही."

"मग कुणाचा?"

तिघांनी तपासणीच्या टेबलाकडे पाहिलं. लगेच तिघांनीही मान वळवून छताकडे पाहिलं.

"छताला कोळिष्टकं झालीत," उस्ताद म्हणाला.

"झालीत खरी," मालक म्हणाले.

"काढायला हवीत," बायको म्हणाली, आणि सभा संपली.

घरी जाताना मात्र विषय निघाला. "तुमची आत्या आहे. तुम्ही सांगा," बायको म्हणाली.

"तुझं तिच्याशी जास्त पटतं."

"पटतं, कारण असलं काही मी तिला सांगत नाही."

"अगं, पण सांगू कसं? या टेबलामुळे ती उभी आहे. उद्या म्हटलं की विटा तुझ्यामुळे फुटतात, तर दुसऱ्या दिवशी येणारच नाही. घरात बसेल. खचेल. मी तिला तोंड कसं दाखवू?"

"मग न सांगता काहीतरी करा."

हे 'न सांगता' मालकांना एकदम पसंत पडलं. भित्र्या माणसाला न सांगता करायच्या गोष्टी फार सुचतात.

पहिला उपाय त्यांनी दुसऱ्याच दिवशी केला. "आत्या, आता विटा सुधारल्या आहेत. तू शंभरात एकच बघत जा. दगदग नको."

आत्यानं चष्मा काढला. "आणि उरलेल्या नव्व्याण्णव?"

"त्या तशाच जाऊ देत."

"तशाच? त्या नव्व्याण्णव काय पोरांच्या नशिबावर सोडायच्या? ढब्बू, मी तुला दमलेली दिसतेय का?"

"नाही, नाही!"

"दिसतेच आहे मी दमलेली. बरोबर आहे, सदुसष्ट संपलं. उद्यापासून एक तास आधी येते. मग तर झालं?"

ती एक तास आधी यायला लागली. तेवढ्या तासात आणखी दीडशे विटांची वाट लागली.

दुसरा उपाय बायकोचा. तिनं आत्याची खुर्ची बदलून चार इंच बुटकी खुर्ची ठेवली. खाली बसलं की वरून जोर लावता येत नाही, असा तिचा हिशेब. हिशेब चुकला नव्हता. खुर्चीत बसल्यावर आत्याची हनुवटी जेमतेम टेबलाच्या वर येत होती आणि हात खांद्याच्या वर जात होते. पहिल्या पाच मिनिटांत एकही वीट फुटली नाही. उस्तादानं मशीनच्या आडून अंगठा वर करून दाखवला. सहाव्या मिनिटाला आत्या उठून उभी राहिली.

"बसून काही खरं नाही गं सूनबाई," ती वाकून, दोन्ही अंगठे विटेवर ठेवून म्हणाली. "उभ्यानं कसं, सगळं अंग कामाला लागतं."

आणि सगळं अंग कामाला लागलं. त्या दिवशी दुपारी उस्तादानं गुपचूप दुसरी टोपली आणून ठेवली.

तिसरा उपाय म्हणजे हातमोजे. जाडजूड मोजे घातले की बोटांचा जोर बोथट होईल, असं मालकांना बाजारात उभ्या उभ्या सुचलं. त्यांनी सगळ्यात जाड जोडी घेतली. घाईत त्यांनी तळवे उलटून बघितले नाहीत. तळव्यांवर रबराचे बारीक ठिपके होते, ओझी उचलणाऱ्यांच्या हातातून काही निसटू नये म्हणून बसवलेले.

आत्याला मोजे इतके आवडले की तिचे डोळे भरून आले. "माझ्या हातांची काळजी करणारा तूच रे एक!" तिनं मोजे चढवले, वीट धरली आणि आश्चर्यानं उद्गारली, "अगं बाई! काय पकड येते रे ढब्बू!"

मालक टेबलाखाली गेले.

अशात ते पत्र आलं. चाळीस शिशुशाळांसाठी खेळणी खरेदी करणाऱ्या एका बाईंचं. त्यांना प्रत्येक शाळेसाठी विटांच्या पेट्या हव्या होत्या. वर्षभर मशीन बंद ठेवायची गरज नव्हती. उस्तादानं पत्र दोनदा वाचून घेतलं आणि मशीनलाही वाचून दाखवलं. पण शेवटचा परिच्छेद वेगळा होता. 'आपण पाठवलेल्या नमुन्याच्या डब्यातल्या अकरा विटांना तडे गेले. दोष कुठल्या मालात नसतो? पण ज्याच्या दोषाचं कारण ठाऊक नाही, तो माल मी मुलांच्या हातात देत नाही. गुरुवारी समक्ष येते. कारण कळलं तर बोलू.'

"कारण आपल्याला ठाऊक आहे," बायको म्हणाली.

"आहे ना," मालक म्हणाले आणि छताकडे बघायला लागले. पण कोळिष्टकं त्याच आठवड्यात काढून झाली होती. बघण्यासारखं तिथे काही उरलं नव्हतं.

शेवटी असं ठरलं की गुरुवारी आत्याला कारखान्यापासून लांब ठेवायचं. बाई येतील, मशीनवरून ताज्या निघालेल्या विटा हाताळतील, खूश होतील. कारण विचारलं तर 'जुनी गडबड होती, आता निस्तरली' असं सांगायचं. बायकोनं डोळ्यांच्या डॉक्टरांची गुरुवारची सकाळची वेळ घेतली. आत्या बुधवारी संध्याकाळपर्यंत 'बरं, बरं' म्हणत होती.

गुरुवारी दहा वाजता ती कारखान्याच्या दारात हजर! कोर्टात मोठ्या खटल्याच्या दिवशी घालायची ते ठेवणीतले कपडे, कडक इस्त्री, केस चापूनचोपून बसवलेले.

"आत्या! डॉक्टर?"

"फोन करून नको म्हणून सांगितलं. डोळे काय पळून जातायत? पाहुणी येणार आणि तपासणीचं टेबल रिकामं! काय म्हणेल ती? इथे तपासतच नाहीत म्हणेल." ती मोजे चढवू लागली. "तू घाबरू नकोस. मी आहे ना."

याच वाक्यानं आपण गेले तीन आठवडे घाबरलेले आहोत, हे मालकांना सांगता आलं नाही, कारण दारात गाडी थांबली होती.

खरेदीच्या बाई उंच आणि शांत होत्या. चष्मा गळ्यातल्या साखळीला. त्यांनी चहा नको म्हटलं, खुर्ची नको म्हटली, मशीनसमोर सरळ जमिनीवर मांडी घातली आणि पडणाऱ्या गरम विटा ओंजळीनं घेऊन पूल बांधायला घेतला. बांधला, मोडला, पुन्हा बांधला. विटा ओढल्या, पिळल्या, एक दाताखाली धरूनही बघितली. वीस मिनिटं गेली. एका विटेला ओरखडा नाही.

"छान आहेत की," त्या म्हणाल्या. "मग मला आलेला डबा तसा का होता?"

"तो तपासलेला होता ना!" उस्ताद अभिमानानं बोलून गेला आणि मग त्यानं जीभ चावली.

बाईंनी चष्म्यावरून तिघांकडे पाहिलं. "म्हणजे न तपासलेल्या विटा फुटत नाहीत आणि तपासलेल्या फुटतात?"

तिघं एकमेकांच्या मागे सरकले. मशीन तेवढं धापा टाकत होतं.

"तपासणी कुठे होते?"

"इथे!" लांबून आत्याचा खणखणीत आवाज आला. "या ना, या! मी वाटच बघतेय."

बाई टेबलापाशी गेल्या. मागून तिघं, शाळेत बोलावणं आल्यासारखे. आत्यानं त्यांना आधी पद्धत समजावून सांगितली. पन्नासांत एक नाही, प्रत्येक वीट. एकदा नाही, तीनदा. हयगय नाही. मग ती उठून उभी राहिली, पाटीवर लाल वीट ठेवली, दोन्ही अंगठे टेकवले, आणि डोळे किंचित मिटून सगळं अंग कामाला लावलं.

ठक्-टक्. ठक्-टक्. ठक्-कट्!

"बघा," आत्या म्हणाली.

तिनं दुसरी घेतली. कट्! तिसरी. ती तिसऱ्या वेळेपर्यंत पोहोचलीच नाही. चौथीचा तुकडा बाईंच्या साखळीवर आपटून टण्ण वाजला. बाईंनी आत्याच्या अंगठ्यांकडे पाहिलं. मग आत्याच्या कडक इस्त्रीकडे, त्या करड्या, प्रामाणिक चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं समजलं होतं, हे मालकांना स्पष्ट दिसलं. पण त्याही शेवटी माणूसच. त्यांनीही मान वर करून छताकडे बघितलं.

"छत स्वच्छ आहे तुमचं," त्या म्हणाल्या.

"परवाच झाडलं," मालक क्षीण आवाजात म्हणाले.

बाईंनी घसा साफ केला. पिशवीतून वही काढली, पेन उघडलं. "हे बघा, मी पत्रात लिहिलंय तेच बोलते. मला कारण हवंय. तुमच्या तोंडून हवंय. लिहायला लागतं मला. विटा का फुटतात?"

"दाब!" उस्ताद म्हणाला.

"हवा!" बायको म्हणाली.

"रंग!" मालक म्हणाले.

तिघंही एकदमच म्हणाले, त्यामुळे कुणाचंच नीट ऐकू आलं नाही. बाईंनी वहीच्या कोऱ्या पानाकडे पाहिलं. मग त्यांनी हळूच पेनाला टोपण लावलं. ते टोपण लावल्याचा आवाज मालकांना विटेच्या आवाजापेक्षा मोठा वाटला.

आणि तेव्हा आत्या बोलली.

"बाई, तुम्ही वही मिटताय ते बरोबर करताय." तिनं मोजे काढून टेबलावर ठेवले. "हा माझा भाचा. मी वाढवलेला. त्याचं भलं व्हावं असं मला वाटणार नाही का? पण एकतीस वर्षं कोर्टात काढली, खोटं टाइप केलं नाही आणि खोटं बोलणारही नाही. या विटा लेकरांना देऊ नका. माल कच्चा आहे. मी रोज बघते ना, डोळ्यांदेखत फुटतात. त्याला सांगितलं तर त्याला वाईट वाटेल, म्हणून मी आजवर नुसती कुरकुरले, स्पष्ट बोलले नाही."

बाईंनी वही पिशवीत टाकली. उस्तादानं मशीनकडे पाहिलं. बायकोनं मालकांच्या पाठीत कोपर मारलं. जोरात मारलं. मालकांच्या तोंडून 'आ' निघाला, आणि तोंड उघडलंच आहे म्हटल्यावर पाठोपाठ उरलेलंही निघालं.

"माल कच्चा नाही, आत्या! विटा चांगल्या आहेत. विटा तू फोडतेस!"

उस्तादानं डोळे मिटून घेतले.

आत्यानं मालकांकडे पाहिलं. मग स्वतःच्या दोन्ही अंगठ्यांकडे पाहिलं, जणू ते कुणी दुसऱ्यानं इथे विसरून ठेवले होते. तिनं एक नवी पिवळी वीट उचलली आणि बाईंच्या हातात दिली. "तुम्ही दाबा."

बाईंनी दाबली, ओढली. तीनदा. काही झालं नाही.

"सूनबाई, तू."

काही झालं नाही.

"उस्ताद, तू. लाजू नकोस, जोर लाव."

उस्तादानं डोळे मिटूनच जोर लावला. काही झालं नाही. मग आत्यानं तीच वीट घेतली, मोजे न घालता पाटीवर ठेवली आणि रोजच्यासारखी दाबली.

कट्!

"अगं बाई!" आत्या म्हणाली. "खरंच की!" तिनं दुसरी दाबली. कट्! आणि तिच्या चेहऱ्यावर कधी नव्हे असं मिश्कील हसू फुटलं. "सदुसष्ट वय आहे हो माझं," ती बाईंना म्हणाली.

"दिसत नाही," बाई म्हणाल्या, आणि इतक्या वेळची शांत बाई खळखळून हसली. त्यांनी पिशवीतून वही परत काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि मोठ्यानं म्हणत लिहिलं, "कारण समजले. माल उत्तम. चाळीस शाळांच्या पेट्या, न तपासलेल्या." मग अर्धवट थांबून त्यांनी शेवटचे दोन शब्द खोडले आणि लिहिलं, "हळू तपासलेल्या."

उस्ताद धावत मशीनकडे गेला आणि त्यानं तिच्या गरम पत्र्याला गाल लावला. भाजल्यावर बाजूला झाला, पण हसत होता. बायकोनं एवढ्या उकाड्यात चहा टाकला. मालक मात्र जागचे हलले नव्हते. आत्या मोजे घडी करून टेबलाच्या खणात ठेवत होती.

"आत्या," ते घाईघाईनं म्हणाले, "पण म्हणून तू जायचं नाहीस हं. तुझ्याशिवाय कारखाना चालायचा नाही. उद्यापासून तू रंग बघ. कुठला रंग कधी घ्यायचा, सगळं तू ठरव."

"किंवा फोन घ्या ना, आत्या," चहाकडे पाठ करून बायको म्हणाली. "तक्रारीचे फोन तुम्ही घेतलेत तर पुन्हा कुणी करायचं नाही."

"मशीनवर बसा, आत्याबाई!" उस्तादानं आज जिवावरचं दान करून टाकलं. "अर्धा दिवस तुम्ही, अर्धा दिवस मी."

"आमच्याकडेही या," बाई म्हणाल्या. "चाळीस शाळा आहेत. आठवड्यातून एकदा येऊन सगळी खेळणी बघून जा. गाडी पाठवीन."

"आणि पत्रं टाइप करायची आहेत," मालक म्हणाले. "ढिगानं आहेत. आणि दुपारी तीन ते पाच पॅकिंगला हात कमी पडतात, तिथे..."

"थांबा!" आत्यानं दोन्ही अंगठे वर केले. ते बघून चौघंही गपकन गप्प झाले.

तिनं एकेकाकडे पाहिलं. शेवटी मालकांकडे पाहून तिचा आवाज अगदी मऊ झाला.

"आज सगळे खरं बोलताच आहात, तर मीही बोलते. दोन वर्षं तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही रे, ढब्बू. मला काम नको. मला दुपारी झोपायचं असतं."